आफ्रिकेला वळसा

मार्च उतरणीला लागला की आमच्या आळीतला वास बदलतो. खाडीकडून येणारा ओला, चिखलाचा वास मागे पडतो आणि वाळत घातलेले सोडे, फुटलेली काजूची बोंडं आणि तापलेली कौलं यांचा मिळून एकच वास दुपारपर्यंत सगळ्या घरांत शिरतो. परीक्षा ह्याच वासात येतात. पॅड बगलेत धरून मुलं माडांच्या सावलीसावलीने जाताना दिसली की माझा हात अजूनही पेन चाचपतो. माझी शेवटची परीक्षा होऊन काही वर्षं झाली, पण हाताला ते अजून कोणी कळवलेलं नाही.

यंदा ह्याच दिवसांत रुखसानाभाभी मोबाइल घेऊन आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आली. भाभी आमची शेजारीण. तिचा मुलगा मोहसीन मालवाहू जहाजावर आहे. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतात म्हणून त्याच्या कंपनीने जहाज आफ्रिकेला वळसा घालून न्यायचं ठरवलंय. जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं एक ॲप भाभीने मोबाइलवर घेतलं आहे. ते उघडलं की निळ्या पाण्यावर इवले इवले बाण पसरलेले दिसतात. प्रत्येक बाण म्हणजे एक जहाज. त्या गर्दीतून मोहसीनचा बाण भाभी डोळे मिटूनही काढेल.

“बघ गो, काल हंय होता, आज पण हंयच. हलता तरी काय ह्यां?”

“हलता, भाभी. समुद्र मोठो आसा.”

“मोठो आसा तो माका म्हायत आसा. माझो झील घराक कधी येतलो ता सांग.”

मी बोट ठेवून दाखवलं. आफ्रिकेचं खालचं टोक अजून यायचं होतं. भाभीने तोंड वाकडं केलं, मोबाइल पदराला पुसला आणि म्हणाली, “खाला असती तर आता हसली असती.”

खाला म्हणजे तिची सासू, हमीदाखाला. ती आता नाही. पण भाभी म्हणते ते खरं, ती हसली असती. आफ्रिकेला वळसा ही त्या घरात काही नवी गोष्ट नव्हती.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी इतिहास घेतला होता. त्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या महायुद्धाशिवाय दुसरं काही केलं नाही. आमच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि परीक्षा आणि पर्यटक नेमके एकाच वेळी येतात. समुद्रात डुंबून आलेली माणसं ओल्या पायांनी घरभर फिरायची, सोलकढी मागायची आणि येताजाता मला विचारायची, काय शिकतेस, पुढे काय करणार, इथे बोअर होत नाही का. अनोळखी माणसाने काही विचारलं की माझ्या डोक्यात तीन उत्तरं तयार होतात आणि तोंडातून एकही बाहेर येत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिने मला नीट वाक्यं दिली, पण ती मोठ्याने म्हणायची सवय काही दिली नाही. म्हणून मी पुस्तकं उचलून शेजारी जायचे, खालाच्या मागच्या पडवीत.

ती पडवी लांबट, बुटक्या भिंतीची. समोर अंगणात चटईवर सोललेली कोळंबी वाळत असायची. वाळली की तेच सोडे. खाला हातात शेवग्याची काठी घेऊन कावळे राखत बसायची, आणि मी भिंतीला टेकून युद्ध राखायचे. सगळी आळी तिला खालाच म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्या वर्षी ती पंच्याऐंशीच्या आसपास असावी. नक्की तिलाही माहीत नव्हतं.

“तोंडात मीठ धरून बसलंस काय गो?” ती मधेच म्हणायची. “मोठ्यान वाच. कावळ्यांका तरी कळांदे.”

मी मोठ्याने वाचत नसे. पण पुस्तक तिच्याकडे वळवायचे. त्यातले नकाशे तिला आवडायचे.

आमच्या पुस्तकात प्रत्येक मोहिमेला तीन भाग होते: पार्श्वभूमी, घटनाक्रम, परिणाम. आणि प्रत्येक मोहिमेच्या शेवटी लिहिलेलं असायचं की इथे युद्धाला निर्णायक वळण मिळालं. स्टॅलिनग्राडला मिळालं, अल अलामीनला मिळालं, नॉर्मंडीला मिळालं, पॅसिफिकमध्येही मिळालं. इतकी वळणं घेऊन त्या युद्धाला घेरी कशी आली नाही, असं मला वाटायचं. एवढ्या मोठ्या जगाचं भवितव्य एका शहराच्या, एका किनाऱ्याच्या, वाळवंटातल्या एका लहानशा रेल्वे स्टेशनच्या हातात कसं काय जातं? उत्तर पाठ होतं. समजलं मात्र नव्हतं.

एका दुपारी उत्तर आफ्रिकेचं पान उघडं होतं. खालाने काठीनेच बाणांवर टोचलं.

“ही काय, मुंगयेची रांग?”

“सैन्यां ती, खाला. ही जर्मनांची, ही इंग्रजांची.”

“आणि ही परत मागे कित्याक इली?”

“हरली म्हणून. मगे परत पुढे गेली. मगे परत मागे.”

“असां किती वेळा?”

“बऱ्याच वेळा.”

“मगे लढाई कसली ती? भरती-ओटीच ती.” मग जरा थांबून तिने विचारलं, “ह्यात मिसर खंय?”

मिसर म्हणजे इजिप्त, एवढं मला ठाऊक होतं. मी दाखवलं. “आणि विलायत?” विलायत त्या नकाशात नव्हती. मी पान उलटून युरोपचा नकाशा काढला आणि इंग्लंडवर बोट ठेवलं. मग बोट खाली आणत स्पेनच्या कडेने भूमध्य समुद्रात शिरले आणि सरळ इजिप्तला पोहोचले. खालाने माझ्या बोटाचा तो प्रवास नीट पाहिला. तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान आलं, जुनं गळू फुटल्यावर येतं तसं.

“बघ,” ती म्हणाली. “एवढोच रस्तो. आणि माझो बापूस म्हणायचो, विलायतेसून मिसराक जावक तेंची आगबोट आख्खी आफ्रिका फिरान गेली.”

मग तिने गोष्ट सांगितली. एकदम नाही. चार-पाच दुपारी, कावळ्यांच्या मधे मधे.

तिचा बाप इसाक आगवाला होता, म्हणजे आगबोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा मारणारा. तेव्हा आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी घरं अशा कामावर चालायची. त्यांचं कॅलेंडर सोपं होतं. नारळी पौर्णिमेला दर्या उघडला की माणूस मुंबईला जाऊन जहाजावर चढायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात बंदर बंद व्हायच्या आत परत यायचा. ह्याला खेप म्हणायचे. एखाद्याची खेप लांबायची, पण दोन पावसाळे कोणाचीच लांबत नसे. दोन पावसाळे गेले की घरात हळू आवाजात बोलणं सुरू व्हायचं.

इसाकचे दोन पावसाळे गेले. तो जहाजावर चढला तेव्हा युद्ध सुरू होतं, पण ते दूर कुठेतरी, गोऱ्यांचं. खाला तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला युद्धाची आठवण म्हणजे फक्त ताटाची. एक दिवस रंगूनचा तांदूळ यायचा थांबला. आमचा सगळा किनारा तेव्हा तोच तांदूळ खायचा. इथे पिकायचा तो वर्षभर कुठे पुरायला? जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि मालवणात लोक वरी आणि नाचणीवर आले. खाला म्हणाली, “मी आयेक रोज विचारायचंय, तांदूळ कधी येतलो, नि बापूस कधी येतलो. दोनांचा उत्तर येकच. गप बस.”

दुसऱ्या पावसाळ्यानंतरही तो आला नाही, तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, इसाक गेला. फातेहा पढला गेला. आईने बांगड्या काढल्या, ती इद्दतीला बसली, विधवेचे चार महिने दहा दिवस. आणि इद्दत संपली न संपली तोच एका सकाळी गलबतातून इसाक उतरला, काळा, वाळलेला, हातात पत्र्याची पेटी. पेटीत मुलीसाठी काय आणलं होतं? शहामृगाचं अंडं.

“आवशीन तेका दारातच विचारल्यान,” खाला म्हणाली. “मी तुझ्यासाठी बांगड्यो काढलंय, आणि तू अंडां घेवन इलस?”

तो बिचारा खरं तेच सांगत होता. मुंबईहून विलायतेला गेलो, तेही आफ्रिका फिरून. तिथे रणगाडे आणि मोटारी भरल्या. ते सगळं मिसरात पोचवायचं होतं. पुन्हा आफ्रिका फिरलो. वाटेत दरबानला, म्हणजे आफ्रिकेतल्या डर्बन बंदरात, कोळसा घेतला, तिथेच अंडं घेतलं. मिसरात माल उतरवला. मग पुन्हा तेच.

इथे मला वाटतं की इसाक दुसऱ्या एखाद्या गावात जन्माला आला असता तर सुटला असता. आतल्या गावातल्या शेतकऱ्याला आफ्रिका काय नि विलायत काय, त्याने मान डोलावली असती. पण ही आळी जहाजावरच्या माणसांची. तिथे एक म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांवरचा मुकादम, होता, युद्धाच्या आधीच घरी बसलेला, विलायतेच्या पंधरा-वीस खेपा केलेला. त्याला तो रस्ता स्वतःच्या परसासारखा माहीत. मिसर तर विलायतेच्या वाटेवरच लागतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “विलायतेसून मिसराक येवक आफ्रिका कित्याक फिरूक होयी? मालवणातसून देवबागाक जावक कोणी कुडाळाक जाता?”

देवबाग आमच्या दक्षिणेला, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की आलंच. कुडाळ तिकडे आत. अख्खी आळी हसली. आणि ते हसू टिकलं. इसाक घराबाहेर पडला की कोणीतरी हमखास विचारायचं, “काय रे इसाक, आज कुडाळावरसून चललंस?”

मग दरबान राहिलं. माणूस एवढे दिवस कुठे होता ह्याचं उत्तर बायकांना सापडलं. दरबानात त्याने घर केलं होतं. अंड्याचं नावच पडलं: सवतीचं अंडं. पुढे इतर खलाशी परत आले तेव्हा त्यांतल्या एकदोघांनी इसाकची बाजू घेतली, पण खलाशी एकमेकांना सांभाळून घेतात हे काय बायकांना माहीत नव्हतं? शिवाय चुलतभाऊ कासीम नंतर गेला आणि सरळ मधल्या, म्हणजे भूमध्य समुद्रातून झटपट परत आला. “मगे तू कसो इलस रे लवकर?” असं त्याला विचारलं तर तो म्हणाला, आमचं जहाज सरळ आलं. झालं. इसाकच्या खोटेपणावर शिक्काच बसला.

रंगूनचा तांदूळ युद्धामुळे येत नाही, हे त्या आळीने एका दिवसात मानलं. माणूस युद्धामुळे आला नाही, हे मात्र कधीच मानलं नाही. मला हे फार दिवस पुरलं. आपण नसलेल्या तांदळावर विश्वास ठेवतो आणि परत आलेल्या माणसावर नाही, असं का?

इसाक पुन्हा जहाजावर गेला नाही. बाजारातल्या बेकरीच्या भट्टीवर लागला. आग तेवढी ओळखीची होती. आणि झोपायला लागला ह्या पडवीत, घर मूळचं त्याचंच. मी जिथे टेकून बसायचे त्याच भिंतीशी त्याची वळकटी असायची. खालाच्या पाठी भावंडं नाहीत. त्या आळीत घराघरात सात-आठ पोरं, आणि हिच्या घरी ही एकटी. “भांडूक सुद्धा कोण नाय गो,” ती म्हणाली आणि काठी उगाचच आपटली. कावळा आलेला नव्हता.

दोघांत इसाक आधी वारला. शबेबरातीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी फातेहा होतो, ताटात सांदणं, मलिदा, पाण्याचा पेला. आईने त्याचं ताट पडवीत ठेवायला लावलं. आणि स्वतः जाताना खालाला सांगून गेली, हे असंच ठेव, माझ्या ताटाशेजारी त्याला बसवू नको. तेव्हापासून खालाच्या घरात शबेबरातीला दोन ताटं, एक माजघरात, एक पडवीत. भाभी कुरकुर करायची, दोन वेळा उदबत्ती, दोन वेळा पढणं, शेजारचे काय म्हणत असतील.

“माका येकच गजाल कळूक होयी,” खाला एकदा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, जणू मासळीचा भाव विचारावा. “तो खोटा बोललो काय नाय. आता माझो पण टाइम इलो. थंय गेल्यार दोघांय भेटतली. आधी कोणाकडे जावचां ता ठरवूक नको?”

पुस्तक उघडंच होतं, आणि त्यातला नकाशा सारंगाच्या बाजूने होता.

चार दिवसांनी, दुसऱ्याच काही शोधात, मला एक वाक्य भेटलं. वाचनालयातून आणलेल्या जाड पुस्तकात, एका परिच्छेदाच्या पोटात, जाताजाता लिहिलेलं: भूमध्य समुद्र साध्या जहाजांसाठी बंद झाल्यामुळे इजिप्तमधल्या सैन्याची रसद आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून न्यावी लागली. वाक्य तिथेच संपत होतं आणि पुस्तक लगेच रणगाड्यांकडे वळत होतं. मी वळले नाही. मी ते पुन्हा वाचलं. मग उठून शाळेतला ॲटलस काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि दोन्ही रस्ते मोजले. एक दोरा बोटाएवढा झाला. दुसरा आफ्रिकेच्या पोटाखालून फिरून वर येईपर्यंत माझ्या हातात मावेना.

त्यानंतर ते सगळं प्रकरण मी वेगळंच वाचलं. फ्रान्स पडला, इटली युद्धात उतरला आणि मधला समुद्र तोफांखाली आला. युरोपात कुठेतरी एक देश हरतो, आणि त्याचा परिणाम म्हणून मालवणचा एक माणूस महिनोन्महिने जास्तीचा कोळसा मारतो. वाळवंटात सैन्याला काही मिळत नाही. पाणीसुद्धा मागून यावं लागतं. म्हणून जिंकत पुढे गेलेलं सैन्य आपल्या बंदरापासून लांब पडतं आणि दमतं. हरून मागे आलेलं आपल्या बंदराशी येतं आणि पुन्हा ताजं होतं. खालाची भरती-ओहोटी ती हीच. शेवटी ज्याच्या बंदरात माल जास्त उतरला तो टिकला, मग तो माल किती का फिरून येईना. पुस्तकातल्या बाणांना टोक होतं, शेपूट नव्हतं. कुणी काढलंच नव्हतं. काढलं असतं तर ते नकाशाच्या चौकटीतून खाली गेलं असतं, आफ्रिकेला वळसा घालून एका जहाजाच्या भट्टीपर्यंत, आणि तिथे फावडं घेऊन इसाक उभा असता.

आणि परिणाम? जर्मन आणि इटालियन फौजा ट्युनिसच्या बाजूला कोंडल्या गेल्या, शरण आल्या, आणि मधला समुद्र उघडला. जहाजांचा वळसा वाचला. वाचलेली जहाजं दुसरीकडे गेली, सिसिलीला, इटलीला, पुढे आणखी कुठे. ही कोंडी चालू होती त्याच हिवाळ्यात रशियात जर्मन सैन्य वेढ्यात अडकलं होतं, आणि रसद नेणारी विमानं दोन्हीकडे पुरत नव्हती. म्हणजे मोहिमा एकमेकींपासून लांब असल्या तरी वेगळ्या नव्हत्या. एकीकडे अडकलेलं दुसरीकडे कमी पडत होतं, एकीकडे सुटलेलं दुसरीकडे हजर होत होतं. निर्णायक वळण म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्यासारखं झालं. ते रणांगणात दिसतं, पण घडतं पाठीमागच्या रस्त्यात.

कासीम सरळ का आला, तेही त्यात होतं. तो समुद्र उघडल्यावर गेला होता.

दोन दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. भीती वाटत होती. रस्ता बंद होता, हे मला माहीत होतं. इसाकचं जहाज त्याच रस्त्याने गेलं, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. दरबानात त्याचं कोणी होतं की नव्हतं, हे तर नव्हतंच. इतक्या जुन्या प्रश्नाला हात लावायचा आणि अर्धंच उत्तर द्यायचं?

तिसऱ्या दुपारी खालानेच विचारलं, “आज पान उलटूचा नाय काय गो? कधीपासून त्याच बाणाकडे बघत बसलंस.”

मी ॲटलस आणला नव्हता. चटईवर सोडे होते. मी ते हाताने बाजूला सारत आफ्रिका केली. खालाने “चुरू नको गो ते,” म्हटलं, पण थांबवलं नाही. वरती काजूची बी ठेवली, ही विलायत. उजवीकडे दुसरी, हे मिसर. मधे मोकळी चटई, हा समुद्र. मग मी तिची शेवग्याची काठी घेतली आणि त्या मोकळ्या जागेत आडवी टाकली.

“हयसर लढाई होती, खाला. ह्या पाण्यातसून जहाज गेला तर बुडवायचे. म्हणून मिसरातल्या सैन्याक लागणारां सगळां खालसून जायचां.” माझं बोट सोड्यांच्या कडेने खाली खाली गेलं. “ह्यां दरबान. कोळसो घेवक हंय थांबायचीच. मगे परत वर. मगे मिसर.”

एवढं मोठं वाक्य मी त्या पडवीत कधी बोलले नव्हते. खाला चटईकडे बघत राहिली.

“सगळ्यांची जहाजां?”

“बहुतेक सगळ्यांची.”

“आणि कासीम?”

मी काठी उचलली. “तोपर्यंत इंग्रज हंय जिंकले. मगे रस्तो उघडलो.”

एक कावळा आला, एक सोडा घेऊन गेला, तिने पाहिलं आणि जाऊ दिला. मग ती सारंगाला उद्देशून, मला वाटतं, म्हणाली, “देवबागाचो रस्तो बंद आसलो तर कुडाळावरसूनच जावचां लागता मेल्या.”

“पण खाला,” मी म्हटलं, कारण म्हणायलाच हवं होतं, “दरबानात तेंचा कोण होता काय नाय, ता पुस्तकात नाय.”

“ता कोणाच्याच पुस्तकात नसता,” खाला म्हणाली. “तो म्हणायचो रस्तो बंद होतो. रस्तो बंद होतो मां?”

“होतो.”

“मगे बस.”

पण तेवढ्यावर ती बसली नाही. पुढचे दिवस ती मला सारखी विचारत राहिली. भट्टीशी किती तापत असेल. जहाज बुडालं तर खालचा आगवाला वर कसा येणार. त्या मोटारी गेल्या नसत्या तर काय झालं असतं. ह्यातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. मी शोधत गेले. अभ्यासाला त्याचा काही उपयोग नव्हता, आणि त्या उन्हाळ्यात मी जे काही शिकले ते बहुतेक त्यातूनच.

आता भाभी मोबाइलवरचा बाण दाखवते तेव्हा मी त्याचं शेपूट शोधते. ते कोणत्या युद्धात अडकलं आहे, त्या युद्धाचं दुसरं टोक कोणाच्या ताटापर्यंत गेलं आहे, मला ठाऊक नाही. एवढंच, की मोहसीन उशिरा आला तर त्याला दारात कोणी काही विचारणार नाही. त्याचा वळसा सगळ्या आळीने पाहिलेला असेल.

बी.ए.च्या त्या वर्षी शबेबरात परीक्षेच्या दिवसांतच आली. संध्याकाळी पुस्तक मिटून मी खालाकडे गेले, कारण तिची सांदणं घ्यायला दर वर्षी मीच जायचे. मागच्या दाराने शिरले. पडवीत इसाकचं ताट नेहमीच्या जागी मांडलेलं होतं, भिंतीशी. आत माजघरात खालाच्या आईचं. भाभीचा नवरा डोक्यावर टोपी घालून पढायला बसला होता आणि आधी कुठे बसायचं म्हणून खालाकडे बघत होता. लोबानाचा धूर दोन्ही खोल्यांत सारखाच होता.

खाला माजघराच्या उंबऱ्यावर उभी होती. हात चौकटीला.

“आये सांगान गेली हा,” ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. “मेलेल्या माणसाचा मोडूचा कसा?”

दोन उदबत्त्या भाभीच्या हातात होत्या.

खाला पडवीत आली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, ताटाला हात लावला, आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तूच उचल गो. थयसून हंयपर्यंत तूच हाडलंस तेका.”

मी चप्पल काढली होती, तरी पाय पुन्हा पायपुसण्यावर पुसले. ताट उचललं. सांदणं अजून गरम होती, वाफ मनगटाला लागत होती. पेल्यातलं पाणी सांडू नये म्हणून मी इतकी हळू चालले की भाभी म्हणाली, “चल गो, परत आफ्रिका फिरतंस काय?” आणि सगळे हसले, खालासुद्धा. मी उंबरा ओलांडला.

माजघरातली चटई लहान होती, एकाच ताटापुरती. आईचं ताट बरोबर मधोमध. मी तशीच उभी राहिले, हातात इसाकचं ताट घेऊन, कुठे ठेवू ते कळेना.

खाला माझ्या बाजूने पुढे आली, खाली बसली, आणि आईच्या ताटाला दोन बोटं लावून ते हळूच एका कडेला सरकवलं.

“गो आये,” ती म्हणाली, “जरा सर.”